कोतवालाला मारायचं का? ऑनलाइन रोलप्लेत नऊ जणांनी मिळून कथा ठरवायची रीत

आमचा खेळ लिहून खेळायचा: प्रत्येक जण आपल्या पात्राच्या तोंडून पोस्ट लिहितो आणि त्या पोस्ट जुळून कथा होते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एक सर्व्हर (म्हणजे आमचा अड्डा), नऊ खेळाडू, प्रत्येकाचं एक पात्र. काळ १८१७ चा नोव्हेंबर, जागा नागपूर. महालातला भोसल्यांचा वाडा, जुम्मा तलाव (आताचा गांधीसागर) आणि सीताबर्डीच्या दोन टेकड्या. २६ तारखेच्या संध्याकाळी कंपनीच्या फौजेशी लढाई पेटणार, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या पात्रांना नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

नवीन खेळाडू येतो, आठवडाभर जुन्या पोस्ट वाचतो, खूश होतो, एक झकास पात्र बनवतो आणि पहिल्याच वळणावर अडकतो. आता पुढे काय होणार, हे ठरवतं कोण? कादंबरीला एक लेखक असतो. इथे नऊ जण, त्यातले पाच नागपुरात, दोघी पुण्यात, एक अमरावतीत, एक हैदराबादेत. नऊ जणांनी मिळून साधा चहा कुठे प्यायचा हे ठरत नाही, तर वाड्याला आग लागणार की नाही हे कसं ठरायचं? ठरतं. पण त्याची एक रीत आहे, आणि ती आम्ही बऱ्याच भांडणांनंतर शिकलो. ती भांडणं तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

पहिले दोन आठवडे: वाचा आणि तीन गोष्टी शोधा

आल्या आल्या कुठल्याही पोलमध्ये मत टाकू नका. टाकायला कोणी अडवणार नाही, पण कोणाचं कोणाशी काय चालू आहे हे कळायच्या आत दिलेलं मत म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात वरण वाढायला उभं राहणं. आधी तीन गोष्टी शोधा.

पहिली, शेवटचा शब्द कोणाचा. १९७४ साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स निघालं, तेव्हापासून या खेळांत एक माणूस जग चालवतो आणि बाकीचे त्या जगात पात्रं चालवतात, अशी पद्धत पडली. त्या माणसाला आपण जीएम, म्हणजे गेम मास्टर म्हणतो. काही गटांत जीएमचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. काही गटांत जीएम फक्त हवामान, गर्दी आणि फालतू शिपाई सांभाळतो, कथा सगळे मिळून नेतात. आमचा गट दुसऱ्या जातीचा. तुमचा कुठला, ते विचारून घ्या.

दुसरी, निर्णय कुठे लिहिले जातात. आमच्याकडे ‘ठरलं’ नावाचं एक चॅनेल आहे, त्यात गप्पा मारायला बंदी आहे. असं काही नसेल तर जपून राहा. तिथे ज्याची स्मरणशक्ती चांगली आणि आवाज मोठा, त्याचीच कथा चालते.

तिसरी, काय चालत नाही. बऱ्याच गटांत खेळ सुरू होण्याआधी एक बैठक होते, तिला सेशन झीरो म्हणतात. त्यात ‘लाइन’ आणि ‘व्हेल’ ठरतात. लाइन म्हणजे जे कथेत येणारच नाही. व्हेल म्हणजे जे घडेल, पण पडद्याआड, वर्णन नको. आमच्याकडे लहान मुलांवरचे अत्याचार ही लाइन आहे आणि छळ करून कबुलीजबाब घेणं ही व्हेल. तुमची स्वतःची एखादी लाइन असेल तर पहिल्याच दिवशी जीएमला खासगीत सांगा. कारण द्यावं लागत नाही, आणि कोणी कारण मागत असेल तर तो गट तुमच्या कामाचा नाही.

निर्णय कोणाचा आहे, ते आधी वेगळं काढा

नव्या खेळाडूंची दोन प्रकारची चूक होते. एक जण घोडा विकत घ्यायलाही सगळ्यांची परवानगी मागतो. दुसरा कोणाला न विचारता सीताबर्डी पेटवून देतो.

माझी कसोटी सोपी आहे. या घटनेनंतर कोणाला आपल्या पात्राबद्दल वेगळं लिहावं लागेल? फक्त तुम्हाला, तर विचारू नका, सरळ लिहा. घोडा घ्या, ताप येऊ द्या, प्रेमात पडा. आणखी एकाला, तर त्या एकाला विचारा. तुमच्या पात्राने वैद्यीणबाईंच्या घरातून पत्र चोरायचं असेल तर वैद्यीण जी खेळवते तिला मेसेज टाका, ‘ताई, उद्याच्या सीनमध्ये पत्र पळवू का? सापडलो तरी चालेल.’ ते शेवटचं वाक्य विसरू नका. सापडायची तयारी नसलेला चोर कोणालाच आवडत नाही. दुसऱ्याच्या पात्राच्या हातापायांवर आपणच लिहिणं, ‘मी वार केला आणि तो कोसळला’, याला गॉडमोडिंग म्हणतात. तुम्ही वार करा. कोसळायचं की नाही हे समोरच्याचं.

आणि सगळ्यांना वेगळं लिहावं लागणार असेल, तरच तो गटाचा निर्णय. लढाई, आग, एखाद्या मोठ्या पात्राचा मृत्यू, काळात उडी, जगाचे नियम.

जगाच्या नियमांवरून आमच्याकडे झालेली एक गंमत सांगतो. एका ताईने प्रस्ताव आणला की मागच्या पोळ्याचा एक फ्लॅशबॅक करू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत (नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा) निघालेली आहे, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा गजर चालू आहे आणि त्या गर्दीत पत्र या हातातून त्या हातात जातं. सीन इतका देखणा की सात जणांनी लगेच होकार दिला. मग अमरावतीच्या भाऊने हळूच लिहिलं, ‘काळी मारबत १८८१ पासूनची सांगतात. आणि ती ज्या बाकाबाईवरच्या, म्हणजे इंग्रजांना फितूर झाल्याचं सांगतात त्या भोसले राणीवरच्या रागातून आली म्हणतात, ती बाकाबाई आपल्या खेळात जिवंत आहे. वाड्यात बसली आहे. आपल्या एका पात्राला पगार देते.’ पाच मिनिटं नुसते हसण्याचे इमोजी. शेवटी सीनमधून मारबत वगळली आणि गर्दी बैलांची ठेवली. पण त्या दिवशी एक कायमचा नियम लिहिला गेला: इतिहासात जे नोंदलेलं आहे ते बदलायचं नाही. २६ ला संध्याकाळी गोळीबार सुरू होतो, २७ ला सकाळी अरब शिपाई लहान टेकडी घेतात, ती त्यांच्या हातून परत जाते, भोसल्यांची फौज हरते. या खिळ्यांच्या मधली जागा आमची.

असा नियम प्रत्येक गटाने करावा असं नाही. इतिहास उलटवायचा असेल तर खुशाल उलटवा. फक्त तो अर्ध्यात ठरवू नका.

प्रस्ताव चार ओळींचा

‘मित्रांनो, पुढे काय करायचं?’ हा प्रश्न ग्रुपवर टाकून बघा. दोन जण ‘काहीही चालेल’ म्हणतील, एक जण निबंध लिहील, बाकीचे अंगठा दाखवून झोपतील. प्रश्न मोकळा असला की उत्तर येत नाही.

आमच्या प्रस्तावात चार ओळी असतात. काय घडावं. का, म्हणजे त्याने कथेला काय मिळतं. झळ कोणाला. आणि कधीपर्यंत ठरवायचं. नमुना देतो:

‘घडावं: रेसिडेन्सीकडे (कंपनीच्या वकिलाच्या कचेरीकडे) जाणारं पत्र ‘शुक्रवारी दरवाजा’ नावाच्या वेशीपाशी पकडलं जातं. का: हेर कोण हा संशय तीन आठवडे लोंबकळतो आहे, आता कोणावर तरी स्थिरावला पाहिजे. झळ: हरकारा आणि वैद्यीण. मुदत: रविवार रात्री ९.’

इतकंच. तुमच्या मनात सीनचे संवादसुद्धा तयार असतील, ते ठेवा खिशात. सगळं ठरवून आणलेल्या प्रस्तावात दुसऱ्याला करायला काही उरत नाही, आणि मग तो हरकत तरी घेतो नाहीतर गप्प बसतो.

चर्चा नेहमी ओओसी चॅनेलवर करा, म्हणजे खेळाडू म्हणून. पात्राच्या तोंडून बोलणं ते आयसी. दोन्हींची सरमिसळ झाली की गडबड होते. माझा शिलेदार कोतवालाचा द्वेष करतो. मला स्वतःला कोतवाल फार आवडतो. मत देताना मी कोण आहे? मी खेळाडू आहे. शिलेदाराला काय हवं हे तो सीनमध्ये सांगेल, त्याला पोलमध्ये मताधिकार नाही. ‘काय करू, माझं पात्र असंच वागलं असतं’ हे वाक्य तुम्ही लवकरच ऐकाल. पात्र आपणच बनवलेलं असतं. त्याला वेगळं वागायला एक कारण देणं आपल्याच हातात असतं, आणि बहुतेक वेळा त्याच कारणातून चांगला सीन निघतो.

ज्याला झळ बसते त्याला आधी विचारा

हा लेख मी मुळात याच एका गोष्टीसाठी लिहायला घेतला.

आमचा कोतवाल जो भाऊ खेळवायचा, तो एका आठवड्यात परीक्षेला बसला होता. कथा तापली होती. बाजारात दंगल, कोतवाल मध्ये सापडलेला. मी पोल टाकला, ‘कोतवालाला मारायचं का?’ मुदत २४ तास. सहा हो, दोन नाही. मी निकाल जाहीर केला, जीएमने सीन लिहिला, सीन फार सुंदर झाला. तीन दिवसांनी तो भाऊ आला. ‘काहून बे, मले इचारलंच नाही?’ एवढंच. आठ महिने त्याने ते पात्र चालवलं होतं. कोतवालाला एक म्हातारी आई होती, एक पोपट होता, त्याच्या गुडघ्याची एक जुनी कळ होती, हे सगळं त्याने रोज थोडं थोडं लिहून उभं केलेलं. तो भांडला नाही. त्याने कोतवालाच्या आईचा चार ओळींचा एक सीन लिहिला आणि सर्व्हर सोडला.

सहा विरुद्ध दोन हे गणित बरोबरच होतं. पण ते सहा जण दुसऱ्याच्या खिशातले पैसे खर्च करायला निघाले होते.

तेव्हापासूनची रीत अशी: प्रस्तावातल्या ‘झळ’ या ओळीत ज्यांची नावं आहेत, त्यांना पोलच्या आधी खासगीत विचारायचं, आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय पोल उघडायचाच नाही. त्यांची उत्तरं तीन प्रकारची असतात. ‘हो.’ मग पुढे जा. ‘नाही.’ मग प्रस्ताव तिथेच संपला, कोणी नाही म्हटलं हेही ग्रुपवर सांगायचं नाही. आणि तिसरं, सगळ्यात कामाचं: ‘हो, पण.’ मरू देत, पण पत्र आधी पोचू दे. मरू देत, पण माझ्या हातून लिहू दे. कोतवाल मेला असता तरी चाललं असतं हो, भाऊने नंतर स्वतःच सांगितलं. त्याला फक्त ते लिहायचं होतं.

चालू सीनमध्ये अचानक काही झेपेनासं झालं तर एक्स-कार्ड. टेबलावर खेळताना एक कार्ड मध्ये ठेवलेलं असतं, त्याला हात लावला की सीन तिथून वळवायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे चॅटमध्ये नुसतं ‘एक्स’ लिहिलं तरी पुरतं. वर्षभरात ते दोनदाच वापरलं गेलं. पण ते आहे म्हणून लोक मोकळेपणाने लिहितात.

मग मोजा, पण कसं मोजता ते बघा

झळ बसणाऱ्यांचा होकार आला की पोल. साधनांबद्दल पटकन सांगतो. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बारा पर्याय बसतात, डिस्कॉर्डच्या दहा. दोन्हींत कोणी कशाला मत दिलं ते दिसतं, त्यामुळे नवीन माणूस जुन्यांची मतं बघून मग आपलं टाकतो. टेलिग्रामवर निनावी पोल करता येतो. नाजूक विषय असेल तर आम्ही तेवढ्यापुरते तिकडे जातो.

आता खरी मेख. समजा शहराबाहेर निरोप पोचवायचा आहे आणि तीन वाटा आहेत: रात्री लढून जाणं, भाजीवाल्यांच्या वेषात जाणं, पहारेकऱ्याला पैसे चारणं. नऊ जणांत मतं पडली चार, तीन, दोन. लढाई जिंकली. पण नऊपैकी पाच जणांना लढाई नको होती! त्यांची मतं वेष आणि लाच यांत फुटली, एवढंच. एक-माणूस-एक-मत असं मोजलं की असं होतं, आणि ज्यांच्या बाजूला जास्त पर्याय ते हरतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने आपल्याला चालतील तितक्या सगळ्या पर्यायांना मत द्यायचं. पोल टाकताना एकाहून जास्त उत्तरांची मुभा द्यायची, झालं. वरच्याच उदाहरणात वेषवाल्या तिघांना लाचही चालत होती, लाचवाल्या दोघांना वेष चालत होता, लढाईवाल्या चौघांपैकी दोघांना वेष चालत होता. मोजा: लढाई ४, लाच ५, वेष ७. वेषाने गेलो, आणि पहारेकऱ्याने कांद्याचा भाव विचारल्यावर आमच्या शिलेदाराची जी त्रेधा उडाली तो आजवरचा सगळ्यात आवडता सीन आहे.

आवडीचा क्रम लावून मोजलं तर नीट निकाल लागेल असं काहींना वाटतं. नेहमीच लागत नाही. एकाला लढाई, वेष, लाच असा क्रम. दुसऱ्याला वेष, लाच, लढाई. तिसऱ्याला लाच, लढाई, वेष. दोन-दोन पर्याय समोरासमोर ठेवा: लढाई वेषाला हरवते, वेष लाचेला हरवतो आणि लाच लढाईला हरवते. फिरा गोल. कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच हे दाखवून ठेवलं आहे. असा गोल दिसला की चर्चा वाढवू नका, सरळ फाशांकडे जा.

मुदत किमान ७२ तासांची ठेवा, आणि त्यात एक सुट्टीचा दिवस येऊ द्या. आमच्यातली एक ताई सरकारी नोकरीत आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की ती दिसतच नाही. मग तिच्या पात्राला आम्ही तेवढे दिवस रामटेकला पाठवतो. आणि ज्याने मत दिलं नाही त्याचं मौन होकार समजू नका. नऊपैकी सहा जणांनी तरी मत दिलं पाहिजे, नाहीतर प्रस्ताव पुढच्या आठवड्यात.

टपरीवरचे निर्णय

ही अडचण फक्त आमचीच नसावी. नागपुरातले पाच जण रविवारी सकाळी तर्री-पोह्यावर भेटतात. दुसरी तर्री मागेपर्यंत गप्पा खेळावर येतात, आणि तिसरा चहा होईपर्यंत अर्धी कथा ठरलेली असते. दुपारी सर्व्हरवर कोणीतरी लिहितो, ‘तर मग आपलं ठरल्याप्रमाणे...’ आणि पुण्याच्या दोघी विचारतात, कोणाचं ठरल्याप्रमाणे?

टपरीवर बोलू नका असं मी सांगणार नाही, ऐकणार कोण? पण टपरीवर झालेलं कितीही पक्कं वाटलं तरी तो फक्त प्रस्ताव. चार ओळी लिहा, झळ कोणाला ते लिहा, मुदत द्या. आणि प्रस्ताव मांडायचा तो टपरीवर नसलेल्यांपैकी एकाने. ही शेवटची अट हैदराबादच्या भाऊची. पहिल्यांदा विचित्र वाटली, पण त्यामुळे दोन प्रस्ताव वाचता वाचताच गळून पडले. स्वतःला न पटलेलं दुसऱ्याच्या वतीने लिहिणं जमत नाही.

व्हॉइस कॉलवर रात्री बारानंतर ठरलेल्या गोष्टींनाही हाच नियम.

फासे कधी

मतं सारखी पडली, वर सांगितलेला गोल झाला किंवा कोणालाच जबाबदारी नको असली, की दोन फासे. दोन फाशांची ३६ जुळणी होतात. ६ किंवा कमी पडण्याची शक्यता ३६ त १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. ७ ते ९ ची तेवढीच. १० किंवा जास्त पडण्याची ३६ त ६, सुमारे १७ टक्के. आम्ही ६ पर्यंत ‘नाही’, ७ ते ९ ‘हो, पण काहीतरी गमवावं लागेल’, १० किंवा जास्त ‘हो’ असं धरतो. मधला पट्टा मुद्दाम साध्या ‘हो’हून मोठा ठेवला आहे, कारण कथा त्यातूनच निघते.

कोणाच्या पात्राचा जीव फाशांवर लावायचा असेल तर त्याचाच होकार हवा, आणि फासे त्यानेच टाकायचे.

लिहून ठेवा, आणि हरलेल्यांचं काहीतरी उचला

निकाल लागला की त्याच दिवशी ‘ठरलं’ चॅनेलमध्ये नोंद. कोण जिंकलं ते लिहू नका. काय होणार आणि पहिली पोस्ट कोणाची, तेवढं पुरे. हरलेल्या पर्यायातला एक तुकडा कथेत घ्यायचा, अशी आमची सवय आहे. वेष जिंकला तेव्हा पहारेकऱ्याच्या हातात एक रुपयाही ठेवला गेलाच.

झालेला निर्णय मागे घेणं, ज्याला रेटकॉन म्हणतात, ते सात दिवसांच्या आत मागता येतं. त्यानंतर त्या घटनेवर इतरांच्या पोस्ट उभ्या राहिलेल्या असतात. एकच अपवाद आम्ही केला, दीड महिन्यानंतर, नऊ विरुद्ध शून्य. तो भाऊ परत यायला तयार झाला तेव्हा. नोंद अजून वर पिन केलेली आहे:

‘कोतवाल मेलेला नाही. दंगलीनंतर त्याला वैद्यीणबाईंच्या माडीवर लपवलं होतं. आईला खोटं सांगितलं गेलं. पहिली पोस्ट: कोतवाल.’

तुमचा पहिला प्रस्ताव लहान ठेवा. आमच्याकडे सगळ्यात अलीकडे आलेल्या पोट्ट्याने विचारलं होतं, ‘शुक्रवारी दरवाजाच्या तोंडाशी एक बैलगाडी अडकवू का? झळ कोणालाच नाही.’ तासाभरात सगळ्यांनी होकार दिला. ती गाडी अजून तिथेच आहे, चाक तुटलेलं, आणि २६ तारखेच्या संध्याकाळी त्या दरवाजातून आपलं पात्र पळवायचं नऊपैकी सहा खेळाडूंनी ठरवलेलं आहे.